झोपलेल्याला पाणी

"झोपलेल्याला कोणी पाणी पाजतं का?" हा प्रश्न मला जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या घरात इतक्या वेळा विचारला गेलाय, की अजूनही हातात तांब्या घेतला की मी आधी आजूबाजूला बघतो. विचारणाऱ्या आमच्या घरमालकीण. सगळी कॉलनी त्यांना अक्का म्हणायची. आणि ज्याला पाणी पाजायचं नाही तो झोपलेला म्हणजे कोणी माणूस नव्हे, गच्चीवरच्या कुंडीतल्या काही वाळक्या काड्या.

आता माझा धंदा ऐका. मी ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात नोकरीला. झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी पोचवणं, यावर माझी चूल पेटते. जळगावात अशा कितीतरी चुली असतील. आणि मला भाड्यानं घर मिळालं ते अशा बाईचं, जिच्या लेखी पाणी घालणारा माणूस म्हणजे खुनी. नशीब नशीब म्हणतात ते हेच.

अक्का धुळ्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात जन्मभर सिस्टर होत्या. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलंच तर "ड्युटी होती," एवढंच सांगायच्या. रिटायर झाल्यावर जळगावात घर बांधलं, खालचा मजला आम्हाला दिला आणि वर स्वतः राहिल्या. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यासमोर मेणबत्ती, बाकी खोलीत औषधाच्या दुकानासारखी शिस्त. ड्युटी सुटली होती, पण अक्का काही ड्युटीवरून सुटल्या नव्हत्या. सकाळी पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या गच्चीवर जायच्या, त्याला त्या राउंड म्हणायच्या. गच्चीच्या दारावर 'शांतता राखा' अशी निळी पाटी होती. ती कुठून आली हे विचारायची आमची छाती नव्हती.

गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला हिरवी जाळी बांधून त्यांनी ऑर्किडची झाडं ठेवली होती. माती नाहीच, कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या. ही झाडं त्यांचे पेशंट. कोणाला 'हवा मानवली नाही', कोणाचं 'खाणं तोडलंय'. दिवाळी झाली, थंडी पडली, की त्यातल्या काहींचं पाणी कमी होत होत बंद व्हायचं. पानं पिवळी पडायची, गळायची, आणि उरायच्या त्या पेरापेराच्या सुरकुतलेल्या काड्या. आपल्याकडे उसाचं चिपाडसुद्धा यापेक्षा टवटवीत दिसतं.

कॉलनीतल्या बायका आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या की हमखास वर डोकावायच्या आणि हळहळायच्या. "अक्का, ते मेलं हो. टाकून द्या."

अक्का एरवी दवाखान्यातल्यासारखी शुद्ध मराठी बोलायच्या. राग आला की मात्र थेट अहिराणी. "मरेल नही शे, निजेल शे! तुम्हले मरेल आनि निजेल यानामा फरक समजत नही का?"

बायका खाली येऊन माझ्या बायकोला विचारायच्या, "बरी आहे ना गं म्हातारी?" बायको काय सांगणार? आम्हाला घर सोडायचं नव्हतं. बाजूलाच तिची शाळा होती.

बरं, पानगळ होते, झाडं झोपतात, हे मलाही कळतं. पण झाड झोपलं म्हणून सगळ्या घरानं पाय न वाजवता चालायचं? माघ-फाल्गुनात माझी आई गावाहून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला यायची. ज्वारीचा चीक शिजवायचा, गच्चीवर साड्या अंथरायच्या, त्यावर बिबडे टाकायचे. या कामाला आरडाओरडा लागतोच, तो त्या कामाचा भागच आहे. अक्का खुर्ची टाकून समोर बसायच्या. "आवाज कमी. वाफ तिकडे जाऊ देऊ नका. पातेलं सांडलं तर जबाबदार कोण?" आईनं एका वर्षी वैतागून तोंडात पदराचा बोळा धरला आणि खुणांनी बिबडे घातले. त्या वर्षीचे बिबडे जाडजूड झाले आणि ते वर्षभर आम्ही खाल्ले.

हे सगळं मी एकवेळ पोटात घातलं असतं. पण केळी?

आमचं गाव रावेरकडचं, घरची केळी. आबा, म्हणजे माझे वडील, जळगावला रिकाम्या हातानं कधी आले नाहीत. पहिल्याच हिवाळ्याच्या शेवटी ते घड घेऊन आले आणि जिन्याखालच्या हुकाला त्यांनी तो मोठ्या प्रेमानं टांगला. दोन-तीन दिवसांत घर घमघमायला लागलं. अक्का राउंडवरून उतरल्या, वास घेतला आणि जिन्यातच थिजल्या.

"हे बाहेर काढा. आत्ता."

"अहो अक्का, केळी आहेत. तुम्हालाही एक फणी..."

"पिकत्या केळ्याच्या वाऱ्यानं कळ्या गळतात. माझे पेशंट वर आहेत."

आबा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे वळले. "काय रे, मी काय बॉम्ब आनला का? आमची सारी जिंदगी केळीत गेली. केळीच्या वासानं कोनी मेलेलं मी तं अजून पाह्यलं नाही."

"माणसं नाही मरत," अक्का म्हणाल्या, "कळ्या मरतात."

आबांनी घड खांद्यावर घेतला आणि रिक्षात बसून बहिणीकडे नशिराबादला निघून गेले. जेवलेसुद्धा नाहीत. त्यानंतर ते आमच्याकडे यायचे ते पेरू घेऊन, आणि दारातच मोठ्यानं विचारायचे, "पेरू चालतो का दवाखान्यात?" केळीच्या जिल्ह्यात, केळी पिकवणाऱ्याच्या मुलाच्या घरात, केळी बंद. हे मी कोणाला सांगणार होतो? चिडून त्या रात्री मोबाइलवर शोधलं, की बाई काहीतरी ठोकून देतेय हे तरी सिद्ध व्हावं. तर ते खरं निघालं. पिकणाऱ्या फळांतून वायू सुटतो आणि त्यानं कळ्या गळतात. अक्का खोट्या पडल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं. त्या बरोबर निघाल्या की माझ्या रागाला बसायला जागा राहायची नाही.

पण एवढा जीव टाकायचा तो कोणत्या कळ्यांवर? कारण बाकीची झाडं आळीपाळीनं फुलायची, अक्का त्यांच्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. सगळा जीव एका कुंडीत होता. ते झाड त्यांचं नव्हतंच. ते 'बाईंचं' होतं.

बाई म्हणजे अक्कांच्या मेट्रन. धुळ्याच्या क्वार्टरमध्ये त्यांच्याकडे हे झाड होतं. ईशान्येकडची एक सिस्टर नोकरी सोडून जाताना ठेवून गेलेली. त्यांच्या गॅलरीत ते दर वसंतात काडीकाडीला लगडायचं. पांढरी-जांभळी फुलं, मधे गडद डोळा. अक्का त्यांच्या हाताखाली शिकल्या, त्यांचा मार खाल्ला, त्यांच्या हातचं जेवल्या. बाईंना काचबिंदू झाला आणि नजर जायला लागली, तेव्हा त्यांनी कुंडी अक्कांना दिली. "माझं दिसणं संपायच्या आत एकदा फुलवून दाखव," एवढंच म्हणाल्या. आणि अक्कांकडे आल्यापासून त्या झाडानं एकही फूल दिलं नव्हतं.

हे मला कळलं ते एका फेरीत. दुकानाच्या कामानं मी धुळ्याला जीप घेऊन निघालो होतो, अक्का न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसल्या. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, अक्कांचं तोंड बंद नाही. माझं गाडी चालवणं, माझं पोट, माझ्या बायकोचं हिमोग्लोबिन. धुळ्यात बाईंच्या दाराशी मात्र त्या एकदम गप्प झाल्या आणि पदर नीट करायला लागल्या. इतक्या वयाची बाई शाळकरी पोरीसारखी उभी.

मेट्रनबाई पुतण्याकडे राहायच्या. कडेकडेची नजर गेली होती, मधलं तेवढं उरलं होतं. ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे त्या अगदी नाकासमोर तोंड करायच्या. तसं अक्कांकडे बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फुललं का गं?"

"कळी धरलीये बाई," अक्का म्हणाल्या. धडधडीत खोटं. त्या वेळी कुंडीत नुसत्या काड्या होत्या.

"लवकर कर. मधलंही आता आक्रसायला लागलंय."

परतीच्या वाटेवर अक्का एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं शांतता मिळाली तर बरं वाटेल. पारोळ्याच्या पुढे मीच विचारलं, माझ्या पोटाविषयी त्या काय म्हणत होत्या.

तर दर वर्षी फाल्गुनात व्हायचं असं. काड्यांच्या पेरांवर बारीक फुगवटे यायचे. अक्का भिंग घेऊन बसायच्या. आमचं जेवणखाण, बोलणंचालणं सगळं त्या फुगवट्यांवर. आणि मग एक दिवस फुगवट्यातून हिरवी टोकं निघायची. कळ्या नव्हेत, पिल्लं. आईच्या अंगावरच छोटी छोटी झाडं, त्यांना मुळंसुद्धा. अक्कांना यातलं पक्कं ठाऊक होतं: हे झाड हिवाळाभर कोरडं झोपलं तर फुलतं, मधे कोणी पाणी दिलं तर पिल्लं काढतं. म्हणजे कोणीतरी पाणी दिलं होतं.

मग चौकशी. ती बसायची जिन्यात. मी, बायको, भांडी घासणाऱ्या मावशी, सगळे ओळीनं उभे.

"कोनी टाकं पानी? बठ्ठा खरं सांगा!"

मावशी म्हणायच्या, "मी वर गेलेच नाही." बायको म्हणायची, "मी शाळेत होते." आणि मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, कारण माझा धंदाच पाणी द्यायचा.

"ठिबकवाल्याचा हात," अक्का म्हणायच्या. "सवयीनं जात असेल."

"अहो अक्का, मी कशाला देऊ?"

"दया येत असेल. दयेनंच जास्त पेशंट जातात. नातेवाईक चोरून पाजतात, आणि मग ठसका लागला की आम्हाला बोलावतात."

पहिल्या वर्षी संशय माझ्यावर. दुसऱ्या वर्षी शेजारच्या निवृत्त मास्तरांवर, कारण ते पक्ष्यांसाठी गच्चीवर पाणी ठेवायचे. जळगावच्या उन्हाळ्यात ते पुण्याचं काम. अक्कांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या वर्षी आबांचं नाव निघालं. "केळीचा राग असेल त्यांच्या मनात." हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अक्का, माझे वडील केळीला पाणी देतात, सूड उगवायला नाही. बायकोनं मला आत ओढलं नसतं तर मी त्याच दिवशी टेम्पो बोलावला असता.

मग तो पुढचा हिवाळा. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. त्या सकाळी मोटर लावून मी दाढी करत बसलो आणि टाकी वाहायला लागल्याचा आवाज आला. वाहतं पाणी अक्कांच्या पेशंटपर्यंत जाईल या भीतीनं अर्ध्या दाढीनिशी, अनवाणी, मी गच्चीवर धावलो.

जाळीपाशी अक्का पाठमोऱ्या बसल्या होत्या. समोर बाईंची कुंडी. हातात वाटी. वाटीत कापसाचा बोळा भिजवायच्या, किंचित पिळायच्या आणि एकेका काडीवरून खालून वर हळूच फिरवायच्या. ओघळ पार बुडाशी, नारळाच्या शेंड्यांत जिरत होते. तोंडानं काहीतरी पुटपुटणंही चालू होतं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी ऐकल्या होत्या, पण इतकी वर्षं आणि तेही जिन्यात ओळीनं उभं राहून ऐकत होतो हे मला तेव्हा कळलं.

"अक्का!"

त्यांनी वाटी पदराखाली घेतली. पकडल्या गेल्यावर त्यांच्या तोंडून अहिराणी आली नाही, ड्युटी रजिस्टरसारखी मराठी आली. "पाणी दिलेलं नाही. फक्त ओठ ओले केले."

"काडीला ओठ असतात?"

"ऑपरेशनच्या पेशंटला पाणी बंद असतं भाऊ. तो मागतो, रडतो, शिव्या देतो. द्यायचं नसतं. मग कापूस ओला करून ओठांवरून फिरवायचा. बाईंनीच शिकवलं मला."

"आणि हे रोज?"

त्यांनी पदराखालची वाटी आणखी आत सरकवली. मग म्हणाल्या, "फार सुकली की."

मला ओरडायचं होतं. मास्तरांचं, मावशींचं, आबांचं, सगळ्यांचं उट्टं काढायचं होतं. पण त्या तिथे पांढऱ्या बुटांत उकिडव्या बसलेल्या, वाटीतलं पाणी पदरावर सांडलेलं, आणि माझ्या अर्ध्या गालावर साबण. रागावणार तरी कोणावर? ज्या बाईनं सगळ्या घराला पाण्यापासून लांब ठेवलं, तिलाच तहान बघवत नव्हती. मला त्यांची दया आली, आणि दया आली याचा आणखी राग आला.

"असंच चाललं तर यंदाही पिल्लंच," मी म्हटलं. "बाई काय बघणार? पिल्लं?"

अक्कांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "गच्ची तुमच्या ताब्यात. मी कितीही मागितली तरी द्यायची नाही."

आणि मागितली हो, सारखी मागितली! कपडे वाळत घालायचेत, ऊन खायचंय, छातीत दुखतंय. दुकानात फोन यायचा, "भाऊ, वर काहीतरी पडलं वाटतं." मी म्हणायचो, "अक्का, भेटीची वेळ संपली." त्या जिन्यात बसून दाराकडे तोंड करून तणतणत झाडालाच सांगायच्या, "बघ गं, हाऊ मानूस कसा शे ते." दिवसभर लोकांना ठिबक विकायचं आणि घरी येऊन एका काडीला थेंब मिळू नये म्हणून पहारा द्यायचा, ही माझी संध्याकाळ. बायको म्हणाली, तुम्ही आता अक्कांसारखंच बोलायला लागलात. मी म्हटलं, आवाज कमी.

काड्या अशा सुरकुतल्या की मलाच घाम फुटला. मेलं तर काय सांगायचं धुळ्याला? एकदा मी स्वतः वाटी भरून घेऊन दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मग फाल्गुनात पेरांवर फुगवटे आले. या वेळी टोकं हिरवी निघाली नाहीत; गोल राहिली, मण्यांसारखी, आणि हळूहळू त्यांवर जांभळी छटा आली. मी किल्ली घेऊन खाली गेलो आणि काही न बोलता अक्कांच्या हातात ठेवली. त्या बूट न घालताच वर पळाल्या. वरून हाक आली, "भाऊ, पेशंट शुद्धीवर आला! आता पाणी! पण चमच्यानं!"

चमच्यानंच दिलं. मग वाटीनं. बुडाशी नवे हिरवे कोंब वर यायला लागले आणि वरच्या उघड्या काड्यांवर कळ्या उमलल्या. अक्कांनी धुळ्याला फोन केला आणि या वेळी खरं बोलल्या.

मेट्रनबाई पुतण्याबरोबर एस.टी.नं आल्या. अक्कांनी त्यांना हात धरून जिना चढवला, एकेक पायरी सांगत. कुंडी स्टुलावर ठेवली होती. बाईंची नजर आता इतकी अरुंद झाली होती की सगळं झाड एकदम त्यात मावत नव्हतं. त्या चेहरा अगदी जवळ नेऊन एक फूल बघायच्या, मग मान सरकवून दुसरं.  मी दारावरच्या 'शांतता राखा' पाटीकडे बघितलं, पहिल्यांदाच ती बरोबर जागी लावलीय असं वाटलं.

"असंच," बाई म्हणाल्या. "अगदी असंच असायचं."

"तुम्ही काय करायच्या बाई याला, हिवाळ्यात?" अक्कांनी विचारलं. इतक्या वर्षांचा प्रश्न असावा.

"मी? मी काय करणार? हिवाळ्यात वॉर्ड भरलेला असायचा. माझ्या लक्षातच राहायचं नाही गं ते."

अक्कांचा चेहरा मी बघितला. त्या एवढंच म्हणाल्या, "हं."

खुर्चीत बसल्यावर बाईंनी पिशवी चाचपली. "रिकाम्या हातानं कसं यायचं? स्टँडवर घेतली. जळगावची चांगली असतात म्हणतात." आणि पिवळीधमक, काळे ठिपके पडलेली केळी त्यांनी काढून नेमकी स्टुलावर, कुंडीला टेकवून ठेवली.

 वरच्या कितीतरी कळ्या अजून उमलायच्या होत्या. मी उडी मारूनच पुढे झालो आणि केळ्यांना हात घातला. अक्कांनी माझं मनगट धरलं, नाडी बघायला धरतात तसं.

"ऱ्हाऊ दे भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "बाईसनं दखी झायं."

बाईंचं बघून झालं होतं. रागावल्याशिवाय अक्का अहिराणीत बोललेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या. त्यांनी फणीतलं एक केळं तोडलं, सोललं, अर्धं बाईंच्या हातात दिलं आणि अर्धं माझ्यापुढे केलं.

"आबांना फोन करा," म्हणाल्या. "सांगा, पुढच्या खेपेला घड आणा."